डर्ट बाइकच्या पुढच्या फोर्कमधून गळणारे तेल कसे थांबवावे

फोर्कच्या चकचकीत पाइपवर तेलाचे काळपट कडे दिसू लागले की बहुतेक चालक लगेच नवे ऑइल सील, म्हणजे आतील तेल अडवणारे रबरी वलय, मागवतात, आणि त्यांपैकी बऱ्याच जणांचा फोर्क महिन्याभरात पुन्हा गळू लागतो. याचे कारण साधे आहे. सील पुष्कळदा स्वतःहून खराब होत नाही. त्याच्या ओठाखाली, म्हणजे पाइपला टेकणाऱ्या कडेखाली, अडकलेला वाळूचा कण, पाइपवर उठलेला बारीकसा टवका किंवा झिजलेले बुश (दोन पाइपांमधील आधाराचे कडे) त्याला खराब करते. मूळ दोष तसाच ठेवून नवे सील बसवले, तर तेही त्याच वाटेने जाते. म्हणून पुढील कामातील निम्मा वेळ शोधाला द्यावा आणि उरलेला दुरुस्तीला.

गळतीकडे दुर्लक्ष करणे मात्र धोक्याचे आहे. ओघळलेले तेल पाइपवरून थेट पुढच्या ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर येते. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ होते, पण तेल प्यायलेले पॅड पुन्हा पूर्वीसारखे धरतील याची खात्री देता येत नाही. ते बदललेलेच बरे.

सर्वप्रथम गळती खरी आहे का, हे पाहावे. पाइप कोरड्या कापडाने पुसावा, पुढचा ब्रेक दाबून फोर्क दहा-बारा वेळा जोराने खाली दाबावा आणि पाइपवर नवे कडे उमटते का, ते बघावे. केवळ तेलकट झाक दिसली तर ती सीलच्या वंगणाची असू शकते; ओले, ओघळणारे कडे म्हणजे गळती.

गळती असली तरी फोर्क लगेच खोलू नये. आजच्या बहुतेक डर्ट बाइकवर उलटा फोर्क असतो, म्हणजे जाड पाइप वर आणि क्रोमचा बारीक पाइप खाली. अशा फोर्कचे डस्ट सील, म्हणजे बाहेरचे धूळ अडवणारे सील, टेप गुंडाळलेल्या पातळ स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचकटून खाली सरकवावे. आत साचलेला चिखल ब्रशने आणि कापडाने काढावा. मग जुन्या फोटोफिल्मची किंवा तितक्याच पातळ, लवचीक प्लास्टिकची पट्टी घ्यावी, तिच्या टोकाला कात्रीने आकडा कापावा, त्यावर थोडे फोर्क ऑइल लावावे आणि ती पाइप व ऑइल सीलचा ओठ यांच्यामध्ये अलगद सरकवून पाइपभोवती पूर्ण फिरवावी. बाहेर काढताना आकडा अडकलेला कचरा ओढून आणतो. पट्टी स्वच्छ निघेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. धातूची पट्टी किंवा पत्र्याचा तुकडा इथे कधीही वापरू नये. चिखलात फिरणाऱ्या गाड्यांच्या कित्येक गळत्या एवढ्याने थांबतात, आणि हा उपाय फुकट असल्याने तो वगळण्याचे काहीही कारण नाही.

याच वेळी क्रोमचा पाइप तपासावा. बोटाच्या नखाने तो वरून खाली आणि गोलाकार असा चाचपावा, किंवा त्यावरून जुना नायलॉनचा मोजा फिरवावा. जिथे धागा अडकतो तिथे टवका आहे. दगड लागून उठलेली बारीक धार ८०० ते १००० नंबरच्या वॉटर पेपरला तेल लावून काढावी, आणि शेवटी १५०० नंबरचा कागद फिरवावा. घासताना कागद पाइपच्या लांबीच्या दिशेने न ओढता गोलाकार फिरवावा, कारण उभे ओरखडे तेलाला बाहेर पडण्यासाठी जणू पन्हळीच तयार करतात. फक्त उठलेला भाग सपाट करायचा आहे, क्रोम पातळ करायचे नाही. क्रोम सोलून खोल खड्डा पडला असेल, तर पाइप नवा घ्यावा किंवा त्यावर पुन्हा क्रोमचा थर चढवून घ्यावा. तिथे वॉटर पेपर उपयोगाचा नाही.

एवढे करूनही गळती चालूच राहिली, तर सील बदलावे लागते. दोन्ही बाजूंची सील एकदमच बदलावीत, कारण फोर्कच्या दोन्ही पायांनी, म्हणजे डाव्या-उजव्या नळ्यांनी, धूळ सारखीच खाल्लेली असते.

गाडी इंजिनखाली स्टँड देऊन अशी उभी करावी की पुढचे चाक जमिनीला टेकणार नाही. चाक, ब्रेक कॅलिपर आणि फोर्कचे गार्ड काढावेत. कॅलिपर नळीवर लोंबकळत न ठेवता दोरीने फ्रेमला बांधावा, आणि चाक बाहेर असताना कोणी ब्रेक दाबून पिस्टन बाहेर ढकलू नयेत म्हणून पॅडच्या मध्ये लाकडाची चीप घालावी. वरच्या क्लॅम्पच्या, म्हणजे फोर्कला धरणाऱ्या पकडीच्या, वर पाइप किती मिलिमीटर बाहेर आहे, ते मोजून लिहून ठेवावे. वरच्या झाकणावरील आणि तळाच्या सेटिंगच्या स्क्रूंचे क्लिकही (फिरवताना जाणवणारे टप्पे) मोजून नोंदवावेत. झाकणावरील बारीक स्क्रूने अडकलेली हवा सोडावी. स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारा फोर्क असेल, तर सर्व दाब पूर्णपणे सोडल्याशिवाय पुढे एकही बोल्ट हलवू नये. हा दाब झाकणाला गोळीसारखे उडवू शकतो.

आता एक गोष्ट विसरू नये, ती विसरल्याचा पश्चात्ताप मी स्वतः केला आहे. वरच्या क्लॅम्पचे बोल्ट सैल केल्यावर, खालचा क्लॅम्प पाइपला घट्ट धरून असतानाच, फोर्कचे झाकण थोडेसे सैल करून घ्यावे. फोर्क एकदा बाहेर आला की ते झाकण उघडण्यासाठी पाइप शिकंजात आवळावा लागतो, आणि पातळ ॲल्युमिनियमचा पाइप त्यात चेपतो.

यानंतर फोर्क बाहेर काढून झाकण पूर्ण उघडावे. कार्ट्रिज म्हणजे फोर्कच्या आतील डॅम्परची, म्हणजे हालचालीचा वेग आवरणाऱ्या भागाची, नळी. उघड्या कार्ट्रिजच्या उलट्या फोर्कमध्ये झाकण आतील डॅम्परच्या दांड्यावर चेक नटने बसलेले असते; स्प्रिंग खाली दाबून नट पान्याने धरावा, झाकण सोडवावे, स्प्रिंग काढावी आणि तेल भांड्यात ओतून द्यावे. सुलट्या फोर्कमध्ये, म्हणजे बारीक पाइप वर असलेल्या फोर्कमध्ये, पाइप वेगळा करण्यासाठी तळाचा ॲलन बोल्टही काढावा लागतो. बंद कार्ट्रिजच्या फोर्कमध्येही तळाचा बोल्ट खोलावा लागतो, आणि दांडा आत सरकू नये म्हणून त्याला धरणारे खास साधन लागते. आपला फोर्क नेमका कोणता, हे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत पाहूनच हात घालावा.

डस्ट सील खाली सरकवल्यावर त्यामागे तारेची लॉक रिंग दिसते. ती टोकाकडून उचलून खोबणीतून काढावी. ती न काढता पाइप ओढल्यास खोबणीची कडच तुटते. मग दोन्ही पाइप दोन हातांत धरून हातोडीच्या ठोक्यासारखे झटके देत विरुद्ध दिशांना ओढावेत. आतले बुश बाहेरच्या बुशला, आणि ते वॉशर व सीलला बाहेर ढकलते. सील फारच घट्ट असेल तर बाहेरचा पाइप हीट गनने हाताला सोसेल इतकाच कोमट करावा.

सर्व भाग रॉकेलने धुऊन कोरडे करावेत आणि बुश उजेडात धरून पाहावेत. त्यांवरील करडा टेफ्लॉनचा थर झिजून तांबूस धातू दिसत असेल तर तेही बदलावेत. झिजलेल्या बुशमुळे पाइप आत डुगडुगतो आणि सीलचा ओठ एका बाजूला दाबला जातो.

नवे सील चढवण्यापूर्वी पाइपच्या टोकावर, बुशच्या खोबणीच्या धारेवर, प्लास्टिकची पातळ पिशवी घट्ट ओढून बसवावी आणि तिला फोर्क ऑइल किंवा सील ग्रीस लावावे. ही धार नव्या सीलचा ओठ सहज कापते, आणि कापलेले सील पहिल्याच दिवशी गळते. उलट्या फोर्कसाठी क्रम असा: आधी डस्ट सील, मग लॉक रिंग, मग ऑइल सील, वॉशर, बाहेरचे बुश, आणि पिशवी काढल्यावर शेवटी आतले बुश. ऑइल सीलची स्प्रिंग असलेली बाजू नेहमी तेलाकडे, म्हणजे उलट्या फोर्कमध्ये वर आणि सुलट्या फोर्कमध्ये खाली असावी.

सील सरळ आत जाण्यासाठी सील ड्रायव्हर लागतो. सुलट्या फोर्कवर योग्य व्यासाच्या प्लास्टिक पाइपच्या तुकड्याने काम भागते, पण उलट्या फोर्कच्या तळाशी ॲक्सलचा (चाकाच्या आसाचा) जाड भाग असल्याने दोन फाकींचा ड्रायव्हरच हवा, आणि तो पाइपच्या व्यासाचाच घ्यावा. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांत हा व्यास बहुधा ४८ मिलिमीटर असतो. आधी बुश आणि वॉशर, मग सील, सर्व बाजूंनी समान ठोके देत बसवावे. लॉक रिंगची खोबणी संपूर्ण घेराभर दिसू लागली की सील जागेवर बसले असे समजावे. स्क्रूड्रायव्हरने एकेक कोपरा ठोकत बसवलेल्या सीलवर माझा विश्वास नाही.

पुस्तिकेत सांगितलेले फोर्क ऑइलच वापरावे. बहुतेक डर्ट बाइकना ५ वजनाचे, म्हणजे पातळ, तेल लागते. तेल ओतल्यावर डॅम्परचा दांडा हळूहळू वरखाली करून आतील हवा काढावी, आणि दांडा पूर्ण प्रवासात सारख्याच ताकदीने हलू लागेपर्यंत थांबू नये. नंतर स्प्रिंग न घालता फोर्क पूर्ण दाबून ठेवावा आणि वरच्या कडेपासून तेलाच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर मोजावे. ही हवेची जागा कमी ठेवली, तर फोर्क प्रवासाच्या शेवटी अधिक कडक होतो; १० मिलिमीटरचा फरकही चालवताना जाणवतो, म्हणून दोन्ही पाय अगदी सारखे भरावेत. बंद कार्ट्रिजच्या फोर्कमध्ये तेल उंचीऐवजी मिलिलिटरमध्ये मोजतात.

झाकण लावून क्लिक पूर्वीच्या नोंदीप्रमाणे ठेवावेत, फोर्क नोंदवलेल्या उंचीवर बसवावा आणि क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क पान्याने पुस्तिकेतील आकड्याइतकेच आवळावेत. खालचा क्लॅम्प जास्त आवळला तर बाहेरचा पाइप चिमटून आतली हालचाल अडकते.

शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात. ॲक्सल आवळल्यावर त्याच्या सैल टोकाकडील पिंच बोल्ट (ॲक्सलला चिमटून धरणारे बोल्ट) ढिलेच ठेवावेत, आधी ब्रेक दाबून पॅड डिस्कला टेकवून घ्यावेत, गाडी जमिनीवर उतरवावी आणि पुढचा ब्रेक धरून फोर्क पाच-सहा वेळा जोराने दाबावा. दोन्ही पाय आपोआप समांतर येतात. त्यानंतरच पिंच बोल्ट घट्ट करावेत. पाय वाकडे राहिले तर बुश एका बाजूने घासतात आणि नवी सील लवकर बाद होतात.

पहिल्या फेरीनंतर पाइप पुसून पुन्हा पाहावा. किंचित ओलसर झाक राहिली, तर ती बसवताना लावलेल्या ग्रीसची असते. मात्र दुसऱ्या फेरीनंतरही त्याच जागी कडे उमटले, तर सीलला दोष न देता पाइपच्या त्याच उंचीवर पुन्हा एकदा नख फिरवावे.