मालवणात पाण्याखाली मासे बघायचे तर...

पंचगंगेत पोहायला शिकलेला गडी समुद्राखाली गेला की आधी हात मारायला लागतो. ते बंद. हात पोटाशी बांधायचे, पाय सावकाश हलवायचे. तळाची वाळू उठली की हातभर अंतरावरचंही दिसत नाही, आणि मासे पळतात ते वेगळंच.

आपल्या कोल्हापूरला जवळ म्हणजे मालवण-तारकर्ली, राधानगरीवरून फोंडा घाट उतरून. पावसाळ्यात स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाणं, बंद असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी त्यातल्या त्यात नितळ. सर्दी असेल तर पाण्यात उतरूच नका. खाली जाताना कान दुखायची वाट न बघता नाक चिमटीत धरून हळूच फुंकत राहायचं. श्वास मात्र कधीच रोखायचा नाही.

अख्खा समुद्र बघायच्या नादाला लागू नका. एक खडक धरा आणि तिथंच थांबा, लपलेले हळूहळू बाहेर येतात. पोपट मासा कधीकधी दिसायच्या आधी ऐकू येतो. चोचीसारख्या दातांनी तो खडक खरवडतो, कटकट आवाज येतो. शेवाळाबरोबर पोटात गेलेला प्रवाळ दळून त्याची वाळू तो मागून सोडतो. पांढरा लोट दिसला की समजायचं, हाच. कपारीत मोरे ईल (सापासारखा लांब मासा) तोंडाची उघडझाप करत असेल तर ती धमकी नव्हे, तिचा श्वास आहे. तरी तिथं बोट घालू नका. पाण्यात मासा तिसऱ्या हिश्श्यानं मोठा दिसतो, कट्ट्यावर माप सांगताना तेवढं वजा करा!

ब्रेड टाकणाऱ्या बोटीत मी तरी बसत नाही. पट्टेवाल्या माशांची झुंबड उडते आणि बाकीचं काही बघायला मिळत नाही. प्रवाळाला हात लावायचा नाही, तुकडा उचलायचा नाही; वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे.

आणि दुपारी डाइव्ह, रात्री घरी तांबडा-पांढरा, हा बेत सोडा. अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. उंचीवर हवेचा दाब कमी, तिथं त्याचे बुडबुडे होऊ शकतात. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाइव्ह केल्या तर १८ तास विमानात बसू नये म्हणतात. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, घाट चढूनच यावं लागतं. उथळ डाइव्हला धोका कमी, पण किती खोल, किती वेळ गेलो ते सांगून इन्स्ट्रक्टरला विचारा. मी रात्र मालवणातच काढतो, सुरमईचं ताट तिथं मिळतंच.