रो हाऊसच्या गच्चीवर पफ पॅनेलची खोली: हायड्रा क्रेन दारात येण्याआधी

2005 आणि 2019 चा पूर पाहिलेल्या सांगलीत खालचं सामान वर हलवायला एक खोली हवीच असते. 12 बाय 15 फुटांची, 9 फूट उंचीची खोली चार इंची विटेत बांधली तर नुसत्या भिंतीच दहा टनांच्या घरात जातात. 50 मिमी पफ पॅनेल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) आणि लोखंडी सांगाड्यात सगळी खोली साधारण दीड टनात बसते. पण हा दीड टनही स्लॅबच्या मधोमध टेकवायचा नाही. जुना नकाशा काढा, स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून कॉलम-बीमच्या जागा खुणावून घ्या आणि खांब तिथेच येतील असाच सांगाडा आखा. सामाईक भिंतीवर शेजाऱ्याच्या लेखी संमतीशिवाय काही टेकवू नका. ‘शेडच तर आहे’ म्हणून परवानगी टळत नाही, महापालिकेच्या नगररचना विभागात नकाशा दाखल करावाच लागतो.

सगळ्यात जास्त कामं बिघडतात ती कोब्यात, म्हणजे स्लॅबवरच्या विटांच्या तुकड्यांच्या वॉटरप्रूफ थरात. फॅब्रिकेटर सरळ कोब्यावर खांबाची बेस प्लेट ठेवतो आणि फास्टनर ठोकतो. फास्टनर विटांच्या तुकड्यांत सैल बसतो, भोकातून पाणी उतरतं, आणि पहिल्याच पावसात खालच्या छताला ओल येते. त्यापेक्षा कॉलमच्या डोक्यावरचा फूटभर कोबा फोडा. भविष्यासाठी सोडलेले गज असतील तर गंज घासून त्यांनाच बांधून, नसतील तर केमिकल अँकरने (भोकात चिकट रसायन भरून) गज बसवून, कोब्याच्या वर 150 मिमी येईल असं पेडेस्टल (काँक्रीटचा छोटा ठोकळा) भरा. बोल्ट त्यातच सोडा. कडेने वाटा (सांध्यावर सिमेंटची गोलसर पट्टी) मारून वॉटरप्रूफिंग करा, मग गच्चीत 48 तास पाणी कोंडून खालचं छत बघा. छत कोरडं असेल तरच पॅनेलची ऑर्डर द्या.

हजार लिटरची टाकी भरली की एक टन होते, ती नव्या छतावर चढवू नका. बोळात हायड्रा वळतो का आणि वर महावितरणच्या तारा आहेत का, हे आदल्या आठवड्यात बघा. नाहीतर पॅनेल माणसांनी दोरीने ओढावे लागतील.

वेल्डिंग आणि रेड ऑक्साइड (गंजरोधक रंग) पॅनेल वर येण्याआधी संपलं पाहिजे, पफ ठिणगीने पेट घेतो. पॅनेल ग्राइंडरने कापू देऊ नका: कडेचा रंग जळतो, लोखंडाचे तापलेले कण पत्र्यावर चिकटतात आणि महिन्याभरात तांबूस ठिपके उमटतात. जिगसॉ (बारीक पात्याची विजेची करवत) मागवा.

काम दिवाळीनंतर घ्या. एप्रिल-मेच्या वळवात अर्धवट छत फार धोक्याचं. ताशी 140 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला 90 किलोवर जातो, आणि छताच्या पॅनेलचं वजन असतं चौरस मीटरला जेमतेम 10-11 किलो. म्हणून कडेच्या ओळीतले स्क्रू मधल्यापेक्षा दाट घ्या, प्रत्येकाखाली रबरी वॉशर आहे का ते स्वतः वर चढून बघा, आणि संध्याकाळी हायड्रा परत पाठवण्याआधी एकही पॅनेल नुसतं टेकवलेलं राहू देऊ नका.