सगळेच ‘न्यू व्हॉल्यूम’: फाइल एक्सप्लोररमधली ड्राइव्हची यादी नीट कशी लावायची

लग्नसराईत चोपडा-अमळनेरच्या एखाद्या फोटो स्टुडिओत, नाहीतर रावेर-सावद्याच्या केळी व्यापाऱ्याच्या ऑफिसात, एकाच कॉम्प्युटरला किती ड्राइव्ह लागलेले असतात ते बघा. आतली हार्ड डिस्क तीन भागांत, बॅकअपची बाहेरची एक, कार्ड रीडर, वरून गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह. फाइल एक्सप्लोरर उघडला की त्यातल्या तिघांचं नाव ‘न्यू व्हॉल्यूम’ आणि एकाचं ‘लोकल डिस्क’. अशा यादीत कॉपी भलतीकडे जाते, आणि घाईत चुकीचा ड्राइव्ह फॉरमॅट झाला तर कुणाच्या तरी लग्नाचे फोटो जातात. म्हणून ही यादी लावणं म्हणजे नुसती सजावट समजू नका.

पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ साठी आहे. मेनूंची नावं इंग्रजी स्क्रीनवर दिसतात तीच देवनागरीत दिली आहेत. रेजिस्ट्री म्हणजे विंडोज आपली सेटिंगं जिथे साठवतं ती जागा; तिच्यातली नावं मात्र टाइप करताना इंग्रजी अक्षरांत आणि मधे जागा न सोडता लिहायची.

काय ड्राइव्हबरोबर जातं, काय कॉम्प्युटरात राहतं

हे आधी डोक्यात पक्कं असेल तर पुढचा निम्मा गोंधळ होतच नाही. ड्राइव्हला दिलेलं नाव त्या डिस्कवरच लिहिलं जातं. तोच पेन ड्राइव्ह धुळ्याहून शिरपूरला नेऊन दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला तरी नाव तेच दिसतं. सी, डी, ई ही अक्षरं मात्र प्रत्येक कॉम्प्युटर आपल्या रेजिस्ट्रीत ठेवतो. एका मशीनवर ई असलेली डिस्क दुसरीकडे जी होते, त्यात बिघाड काही नाही. रेजिस्ट्रीतून बदललेलं चिन्ह (आयकॉन) आणि लपवलेला ड्राइव्ह या गोष्टीही त्या एका कॉम्प्युटरपुरत्याच. दुकानात तीन मशीन असतील तर नाव एकदा द्यायचं, बाकीचं तिन्ही ठिकाणी करायचं.

कामाचा क्रमही यातूनच ठरतो: आधी नाव, मग अक्षर, चिन्ह आणि लपवणं शेवटी. उलट केलं तर काय होतं ते खाली चिन्हांच्या भागात आहे.

नाव

विंडोजचं बटण आणि ई एकत्र दाबा, डावीकडून ‘धिस पीसी’ निवडा, ड्राइव्हवर एकदा क्लिक करून एफ२ दाबा, नाव लिहा, एंटर. आतल्या ड्राइव्हसाठी अॅडमिनिस्ट्रेटरची परवानगी मागेल, ती द्या.

नावाची लांबी डिस्कच्या फाइल सिस्टिमवर, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतीवर, ठरते. ड्राइव्हवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, ‘जनरल’मध्येच ती लिहिलेली असते. एनटीएफएस असेल तर ३२ अक्षरं चालतात, एक्सफॅट आणि फॅट३२ असेल तर ११. फॅट३२वर देवनागरी नाव टिकत नाही, तिथे इंग्रजीच लिहा. एनटीएफएस आणि एक्सफॅटवर मराठी नाव व्यवस्थित बसतं.

पण मोजणी जपून करा. आपण ‘ग्ना’ला एक अक्षर म्हणतो, विंडोज त्याला चार म्हणतो: ग, पायमोड, न आणि काना. मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार हे सगळे वेगळे मोजले जातात आणि मधली रिकामी जागाही एक धरली जाते. म्हणून ‘लग्नाचे फोटो’ हे नाव १२ भरतं आणि एक्सफॅटच्या पेन ड्राइव्हवर एका अक्षराने अडतं. ‘लग्न फोटो’ ९मध्ये बसतं. ‘केळी हिशेब’ १०मध्ये. नाव घेतलं जात नसेल तर पेन ड्राइव्ह खराब समजण्याआधी हे मोजून बघा.

डीटीपीवाल्यांसाठी एक वेगळी अडचण. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टच्या कीबोर्डवरून नाव टाइप केलं तर यादीत इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची सरमिसळ दिसते, कारण एक्सप्लोरर तो फॉन्ट वापरतच नाही. विंडोजच्या ‘लँग्वेज’ सेटिंगमधून मराठीचा युनिकोड कीबोर्ड जोडा आणि नाव त्यातून लिहा.

नाव काय द्यावं? आत काय आहे ते सांगणारं. ‘कामाचा’, ‘महत्त्वाचा’, ‘नवीन’ ही नावं महिन्याभरात निरुपयोगी होतात. ‘बॅकअप २०२५’, ‘टॅली डेटा’, ‘सातबारा स्कॅन’ अशी नावं कामाला नवीन आलेल्या पोरालाही कळतात.

अक्षर

विंडोजचं बटण आणि एक्स, मग ‘डिस्क मॅनेजमेंट’. खालच्या नकाशात हव्या त्या भागावर राइट क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘चेंज’, नवीन अक्षर, ‘ओके’. काही प्रोग्रॅम चालणार नाहीत असा इशारा येतो, तो खरा आहे. टॅलीचा डेटा पाथ, फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क, अल्बमच्या सॉफ्टवेअरमधल्या फोटोंच्या जोडण्या, आपोआप चालणारा बॅकअप, हे सगळं अक्षर धरून चालतं. ज्या ड्राइव्हवर असं काम सुरू आहे त्याचं अक्षर हलवू नका. सीला तर हातच लावायचा नाही.

अक्षर बदलण्यासारखी खरी जागा म्हणजे बॅकअपची बाहेरची हार्ड डिस्क. आज ती ई असते. उद्या आधी कार्ड रीडर किंवा गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह लागला तर ई तो अडवू शकतो, डिस्क एफ होते आणि रात्रीचा बॅकअप ‘पाथ नॉट फाउंड’ म्हणत थांबतो. उपाय सोपा: तिला मधलं एखादं अक्षर द्या, पी किंवा आर. सुरुवातीची अक्षरं पेन ड्राइव्ह घेत राहतात. शेवटून, म्हणजे झेडपासून उलटं, नेटवर्क ड्राइव्ह जोडताना विंडोज सुचवत येतं. मधे सहसा कुणी येत नाही. एकदा दिलेलं अक्षर तो कॉम्प्युटर त्या डिस्कसाठी लक्षात ठेवतो.

आता सावधगिरी. राइट क्लिकच्या त्याच यादीत ‘फॉरमॅट’ आणि ‘डिलीट व्हॉल्यूम’ही असतात. वाचून क्लिक करा. डिस्क मॅनेजमेंट उघडताच ‘इनिशिअलाइज डिस्क’ अशी चौकट आली आणि लावलेल्या डिस्कवर डेटा असेल, तर ‘कॅन्सल’ करा. विंडोजला ती डिस्क वाचता आलेली नाही असा त्याचा अर्थ आहे. ‘ओके’ दाबलं तर डेटा परत मिळवणं आणखी अवघड होतं. आधी केबल आणि पोर्ट बदलून बघा.

कंपनीने बसवलेला रिकव्हरीचा भाग कधीकधी अक्षर घेऊन यादीत येतो. त्याची पट्टी लाल दिसते, कारण १० टक्क्यांहून कमी जागा उरली की विंडोज पट्टी लाल करतं. मग कुणीतरी ‘जागा मोकळी करायला’ त्यातल्या फाइली उडवतं. तसं करू नका. ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’मध्ये जाऊन ‘रिमूव्ह’ करा. अक्षर जातं, ड्राइव्ह यादीतून नाहीसा होतो, आतलं सगळं जागेवर राहतं.

यादी कशी दिसावी

विंडोज ११मध्ये एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीतले तीन ठिपके आणि ‘ऑप्शन्स’. विंडोज १०मध्ये ‘व्ह्यू’ टॅब आणि ‘ऑप्शन्स’. ‘जनरल’मध्ये ‘ओपन फाइल एक्सप्लोरर टू’ समोर ‘धिस पीसी’ निवडा, म्हणजे एक्सप्लोरर थेट ड्राइव्हच्या यादीवर उघडेल. काउंटरवरच्या मशीनवर हे कराच, नाहीतर आधीच्या गिऱ्हाइकाच्या फाइली उघडताक्षणी पुढच्याला दिसतात.

त्याच चौकटीच्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये दोन खुणा कामाच्या. ‘हाइड एम्प्टी ड्राइव्ज’वर टिक असेल तर कार्ड नसलेले रीडरचे खाचे दिसत नाहीत. रीडर लावला आणि यादीत काहीच आलं नाही, तर तो बिघडला असं धरू नका. कार्ड घालून बघा, किंवा ही टिक काढून बघा. दुसरी खूण ‘शो ड्राइव्ह लेटर्स’. ती काढली तर अक्षरं दिसेनाशी होतात. नीट नावं नसलेल्या यादीत असं करणं धोक्याचं, म्हणून टिक राहू द्या.

अक्षर नावाच्या आधी हवं असेल, म्हणजे ‘पी’ आधी आणि ‘बॅकअप २०२५’ नंतर, तर त्यासाठी रेजिस्ट्रीत जावं लागतं. विंडोजचं बटण आणि आर, ‘रेजएडिट’ टाइप करा. डावीकडे फोल्डरसारख्या दिसतात त्या ‘की’. एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर असं आत जा. काहीही बदलण्याआधी या शेवटच्या कीवर राइट क्लिक करून ‘एक्सपोर्ट’ने प्रत काढून ठेवा. उजवीकडे ‘शोड्राइव्हलेटर्सफर्स्ट’ नावाची डीवर्ड व्हॅल्यू, म्हणजे आकडा ठेवायची नोंद, तयार करा आणि तिला ४ द्या. ० दिलं तर अक्षर परत नावामागे जातं. बदल दिसण्यासाठी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ‘विंडोज एक्सप्लोरर’ रीस्टार्ट करा.

जागेवर लक्ष ठेवायचं असेल तर ‘धिस पीसी’ ‘डिटेल्स’ पद्धतीने बघा. रकान्यांच्या शीर्षकावर राइट क्लिक, ‘मोअर’, तिथे ‘पर्सेंट फुल’ आणि ‘फाइल सिस्टिम’ हे रकाने मिळतात. १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ने.

चिन्ह

आतल्या ड्राइव्हसाठी: रेजएडिटमध्ये एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर. त्याखाली ‘ड्राइव्हआयकॉन्स’ की, तिच्यात ड्राइव्हच्या एकाच अक्षराची की, तिच्यात ‘डीफॉल्टआयकॉन’. या शेवटच्या कीच्या ‘डीफॉल्ट’ व्हॅल्यूत आयको फाइलचा, म्हणजे चिन्हाच्या चित्राच्या फाइलचा, पूर्ण पत्ता लिहा. जेपीजीचं नुसतं नाव बदलून आयको होत नाही, ती रूपांतरच करावी लागते. फाइल सी ड्राइव्हवर एका कायमच्या फोल्डरमध्ये ठेवा. डेस्कटॉपवर ठेवलेली कुणीतरी साफसफाईत उडवतं आणि चिन्ह जातं.

हे चिन्ह अक्षराला चिकटतं, डिस्कला नाही. अक्षर आधी पक्कं केलं नसेल तर बॅकअपचं चिन्ह उद्या गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हवर दिसेल, आणि ही चूक साध्या यादीपेक्षा जास्त महागात पडते. चिन्हावर भरवसा ठेवून माणूस नाव वाचायचं सोडतो.

पेन ड्राइव्हबरोबर फिरणारं चिन्ह हवं असेल तर त्याच्या सगळ्यात बाहेरच्या पातळीवर आयको फाइल आणि ‘ऑटोरन’ नावाची आयएनएफ फाइल ठेवावी लागते. नोटपॅडमध्ये दोन ओळी, इंग्रजीत: पहिलीत चौकटी कंसात ऑटोरन, दुसरीत आयकॉन हा शब्द, मग बरोबरीची खूण (=) आणि आयको फाइलचं पूर्ण नाव. सेव्ह करताना प्रकार ‘ऑल फाइल्स’ निवडा, नाहीतर नोटपॅड मागे टीएक्सटी जोडतो आणि काहीच होत नाही. पेन ड्राइव्ह काढून परत लावा. जुन्या व्हायरसांनी याच फाइलचा आधार घेतला होता, त्यामुळे काही अँटीव्हायरस ती उडवतात. स्वतःच्या ड्राइव्हवर करा, गिऱ्हाइकाच्या नको.

लपवणं

काउंटरच्या मशीनवर हिशेबाचा ड्राइव्ह दिसू नये, ही मागणी नेहमीची. रेजएडिटमध्ये एचकी करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, पॉलिसीज, एक्सप्लोरर. ही शेवटची की नसेल तर बनवा. आत ‘नोड्राइव्ज’ नावाची डीवर्ड व्हॅल्यू. प्रत्येक अक्षराला ठरलेला आकडा आहे: ए १, बी २, सी ४, डी ८, ई १६, एफ ३२, असं दुप्पट होत जातं. लपवायच्या ड्राइव्हच्या आकड्यांची बेरीज करा. डी आणि ई लपवायचे तर २४.

आकडा भरताना ‘डेसिमल’ निवडायला विसरू नका. चौकट उघडते ती ‘हेक्साडेसिमल’वर. तिथे २४ लिहिलं की विंडोज ते ३६ धरतं, म्हणजे ३२ अधिक ४, आणि डी-ई राहतात जागेवर, गायब होतात सी आणि एफ. सी दिसेनासा झाला की लोक विंडोज नव्याने टाकायला निघतात. आधी हा आकडा तपासा.

साध्या, म्हणजे ‘स्टँडर्ड’ खात्यातून पॉलिसीजमध्ये काही लिहू दिलं जात नाही. अॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊन रेजएडिट उघडला तर बदल अॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यात होतो, काउंटरच्या नाही. म्हणून काउंटरचं खातं तात्पुरतं अॅडमिनिस्ट्रेटर करा, साइन आउट करून परत या, काम करा, खातं पुन्हा स्टँडर्ड करा.

आणि एवढं करूनही हे कुलूप नव्हे. अॅड्रेस बारमध्ये डी आणि विसर्गासारखी दोन टिंबं लिहून एंटर दाबलं की लपवलेला ड्राइव्ह उघडतो. ‘नोव्ह्यूऑनड्राइव्ह’ नावाची दुसरी डीवर्ड व्हॅल्यू त्याच आकड्याने भरली तर एक्सप्लोररमधून उघडणंही बंद होतं, पण कमांड प्रॉम्प्टमधून वाट राहतेच. हिशेब खरोखर जपायचा असेल तर त्या फोल्डरच्या ‘सिक्युरिटी’ टॅबमधून काउंटरच्या खात्याची परवानगी काढा. ती सोय एनटीएफएसच्या ड्राइव्हवरच असते.

लपवलेलं परत आणायचं तर दोन्ही व्हॅल्यू डिलीट करा आणि साइन आउट करून परत या. त्यासाठीही खातं वर सांगितल्याप्रमाणे तात्पुरतं अॅडमिनिस्ट्रेटर करावं लागेल.