विंडोज ११ टाकताय? आधी या चुका टाळा

विंडोज १०ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ला संपली. तेव्हापासून माझ्याकडे मशीन घेऊन येणारा प्रत्येक जण विचारतो, "अकरा टाकू का?" मी उलट विचारतो, या मशीनवर तुमचं कुठलं काम चालतं आणि त्याला काय काय जोडलंय? निर्णय त्यावर होतो, मशीनच्या वयावर नाही.

मुदत संपली म्हणजे कॉम्प्युटर बंद पडणार, हा समज आधी डोक्यातून काढा. विंडोज १० चालूच राहतं, थांबतात ती सुरक्षा अपडेट्स. नव्या त्रुटी सापडत राहतात आणि त्या बुजवल्या जात नाहीत. ज्या मशीनवर नेटबँकिंग होतं, गिऱ्हाइकांच्या पॅन-आधारच्या प्रती आहेत, ते असं उघडं ठेवणं मला अजिबात पटत नाही. पण त्यासाठी एका रात्रीत उडी मारायची गरज नाही. घरगुती मशीनसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत जादा सुरक्षा अपडेट्सची सोय जाहीर केली. मशीनवर विंडोज १०ची २२एच२ आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्टचं खातं असेल, तर विंडोज अपडेटच्या पानावरूनच त्याची नोंदणी होते.

दुसरी चूक म्हणजे "तुमचं मशीन चालणार नाही" हा निरोप वाचला की नवीन घ्यायला निघणं. पुष्कळदा टीपीएम नावाची सुरक्षा चिप मशीनमध्ये असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, बंद असते. इंटेलच्या बोर्डावर ती पीटीटी नावाने सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम नावाने. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा असेल तर आधी तिथे बघा. मात्र विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असेल, तर बायोसमध्ये थेट यूईएफआय ही सुरू होण्याची नवी पद्धत निवडू नका, मशीन सुरूच होणार नाही. आधी डिस्कची मांडणी जुन्या एमबीआरवरून नव्या जीपीटीवर करून घ्यावी लागते.

तिसऱ्या-चौथ्या पिढीच्या मशीनवर विंडोजची ही तपासणी चुकवून अकरा टाकून देणारे बरेच आहेत. ते चालतंही. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि आपण दहा सोडतोय ते अपडेटसाठीच.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. आमच्या तालुक्यात लग्नपत्रिका छापणारा एक प्रेस आहे. ऐन लग्नसराईत मालकांनी मशीन एका दुकानात दिलं. तिथल्या मुलाने फॉरमॅट मारून कोरं अकरा टाकलं आणि डी ड्राइव्ह जसाच्या तसा ठेवला. "डेटा सगळा सेफ आहे" म्हणाला, आणि ते खोटं नव्हतं, फायली होत्याच. सकाळी मालक काकांनी पत्रिकेची फाइल उघडली, तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि स्वल्पविरामांचा चिखल. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या पद्धतीत, नव्हता, जुन्या फॉन्टमध्ये होता, आणि फॉन्ट सी ड्राइव्हसोबत गेले होते. मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे ज्याशिवाय ते चालत नाही ती परवान्याची छोटी किल्ली, लावलं, तर त्याचा लाल दिवाही लागेना. त्याच्या जुन्या ड्रायव्हरला अकरा घेतच नव्हतं. काका मला फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, संध्याकाळी पाचला पार्टी येणारे."

म्हणून आधी मशीनच्या मागे वाकून बघा. डोंगल, डिजिटल सहीचं टोकन, जुना प्रिंटर, स्कॅनर, जे जे लावलेलं असेल ते कागदावर लिहा. प्रत्येकाचा विंडोज ११चा ६४ बिटचा ड्रायव्हर बनवणाऱ्याच्या साइटवर आहे का ते तपासा, कारण अकराची ३२ बिट आवृत्तीच नाही. ज्याचा ड्रायव्हर सापडत नाही, ती वस्तू तुमचा निर्णय ठरवते. फॉन्ट्सचं फोल्डर, टॅलीचा डेटा आणि डेस्कटॉपवर साठलेलं सगळं बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातल्या दोन-चार फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. उघडून न पाहिलेल्या बॅकअपवर मी विसंबत नाही.

कोरं अकरा टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलंत, तर बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. पुढे बोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये हात घातला की ४८ आकडी किल्ली मागितली जाते. ती त्या खात्यात असते. खातं दुकानदाराच्या मेलवर काढलेलं असेल तर तुमचा डेटा त्याच्या हातात. खातं तुमचंच हवं, आणि किल्ली कागदावर उतरवून कपाटात हवी.

चार जीबी रॅमवर अकरा बसतं, पण काम करायला आठ हवीच. जुनी हार्डडिस्क असेल तर एसएसडी आधी, विंडोज नंतर.

दिवसही नीट निवडा. कर सल्लागारांनी वीस तारखेच्या आसपास मशीनला हात लावू नये, जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचं असतं. फॉरमॅट न मारता वरच्यावर अपग्रेड केलंत तर दहा दिवसांपर्यंत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून परत दहावर जाता येतं. तोवर डिस्क क्लीनअप करू नका, जुन्या विंडोजचं फोल्डर पुसलं की परतीची वाट बंद होते. त्या दहा दिवसांत महिन्याचं प्रत्येक काम एकदा करून बघा: सही, प्रिंट, स्कॅन, बिल.

काकांच्या प्रेसवर दुसऱ्या एका डीटीपीवाल्याकडून फॉन्ट आणले आणि पत्रिका त्याच्याच मशीनवर पूर्ण केल्या. आता त्यांचं जुनं मशीन पुन्हा विंडोज १०वर आहे. नेटची वायर काढून टाकलीय, ते फक्त डोंगल आणि पत्रिकेची मांडणी करणाऱ्या पेजमेकरसाठी. मेल, व्हॉट्सअॅप आणि बँक शेजारच्या अकरावर. दोन्हींमध्ये एक पेनड्राइव्ह फिरतो, आणि तो आधी अकरावर स्कॅन होतो.