‘चहा टाक’ म्हटलं आणि त्यानं टाकला

माझा भाचा बंगळुरूत वाढला. घरी मराठी, पण कामापुरती. नऊ वर्षांचा असताना सुट्टीत आमच्याकडे आला होता. पाहुणे दारात होते, म्हणून मी लेकीला हाक मारली, ‘‘चहा टाक गं!’’ ती उठायच्या आत हा पठ्ठ्या धावला आणि ओट्यावर गाळून ठेवलेला माझा चहा मोरीत ओतून आला. वर विचारतो, ‘‘आत्या, पातेलं पण घासू?’’

मी 19 वर्षं पाचवी ते दहावीला मराठी शिकवते. शब्दशक्ती, म्हणजे शब्दाची अर्थ पोचवायची ताकद, शिकवायची तर अभिधेची (सरळ अर्थ) व्याख्या, एक उदाहरण, मग लक्षणेची (सरळ अर्थ अडला की घ्यायचा जवळचा अर्थ) व्याख्या, मग व्यंजनेची (नुसता सुचवलेला अर्थ), अशी माझी पद्धत होती. मुलं घडाघडा म्हणून दाखवायची आणि पुस्तकाबाहेरचं वाक्य दिलं की माना खाली. त्या चहानंतर मी क्रम उलटा केला. व्याख्या सगळ्यात शेवटी, तीही मुलांकडूनच.

सुरुवात चित्रानं करा. फळ्यावर लिहा, ‘बाबा ताटावर बसले’ आणि ‘घरावरून हत्ती गेला’. ही दोन्ही व्याकरणाच्या पुस्तकांतली घासून गुळगुळीत झालेली उदाहरणं आहेत, पण चित्र काढायला सांगितलं की ताजी होतात. जे शब्द लिहिलेत तेवढंच काढायचं, मनानं काही घालायचं नाही. एका मुलानं स्टीलच्या ताटात मांडी घालून बसलेले बाबा काढले होते आणि लेंग्याला लागलेलं वरण पिवळ्या खडूनं रंगवलं होतं. हत्तीच्या चित्रांत कौलं फुटलेली असतात. वर्ग हसतो, हसू द्या. ज्याला मुलं हसतात तोच वाच्यार्थ, म्हणजे शब्दांचा सरळ अर्थ. तो नीट दिसल्याशिवाय पुढचं काहीच हाती लागत नाही.

मग तीन प्रश्न. वाक्य कुठे अडलं? बोलणाऱ्याला जे म्हणायचंय त्याचं या शब्दाशी नातं काय? आणि तो सरळ का नाही बोलला? हे प्रश्न माझे नाहीत. अकराव्या शतकात काश्मीरच्या मम्मटानं ‘काव्यप्रकाशा’त लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या, मूळ अर्थाला बाध, त्याच्याशी संबंध, आणि रूढी किंवा प्रयोजन. मी फक्त त्या सहावीच्या पोरांना कळतील अशा केल्या. ताट आणि जेवण यांचं नातं पोरं चटकन सांगतात. तिसऱ्या प्रश्नाला मात्र पुष्कळदा ‘बाई, असंच म्हणतात’ एवढंच उत्तर येतं. ते बरोबर धरा. त्यालाच रूढी म्हणतात.

पण काही रूढींच्या पोटात कारण असतं, तिथे थांबा. माझा आवडता शब्द ‘वाढवणे’. नारळ वाढवला म्हणजे फोडला. बांगडी वाढवली म्हणजे ती फुटली किंवा उतरवली. दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. तिन्ही ठिकाणी अर्थ वाढण्याच्या उलटा! मुलांना विचारा, असं का? थोडा वेळ द्या. कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘आमची आजी निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणते.’’ झालं, किल्ली सापडली. अशुभ तोंडातून काढायचं नाही, म्हणून भाषेनं वळसा घेतला.

आठवीपासून पुढच्या मुलांना मी एक पत्र देते. काही न सांगता फळ्यावर मजकूर लिहिते, की दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणती नाही. पत्र कुणाचं असेल? सोनाराचं, म्हणतात. घर फुटलं असेल, दरोडा पडला असेल. सगळं लिहून घेते. मग हे ज्या दिवशी घडलं ती तारीख शेजारी टाकते, 14 जानेवारी 1761. ज्यांना इतिहास येतो ती गप्प होतात, बाकीच्यांना ती सांगतात. पानिपत. उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्रातला हा मजकूर. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ आणि विश्वासराव, मोहरा म्हणजे नावाजलेले सरदार, आणि खुर्दा म्हणजे ज्यांची नावंही कुणी लिहिली नाहीत ते. गंमत अशी, की वाक्य जसंच्या तसं आहे. एक अक्षर बदललं नाही. कोण, कुणाला, कधी लिहितंय हे कळल्याबरोबर अर्थ पालटला. हे मुलांनी स्वतः अनुभवलं पाहिजे, म्हणून तारीख आधी सांगायची घाई करू नका.

त्याच तासाला ‘पानिपतावर सव्वा लाख बांगडी फुटली’ घ्या. बांगडीच का, तलवार का नाही? एकदा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘तलवार म्हटलं की रण दिसतं, बांगडी म्हटलं की घर दिसतं.’’ मी तिच्या उत्तरात काही भर घातली नाही.

व्यंजना वेगळी. तिथे वाक्य अडत नाही. जुन्या शास्त्रकारांचं उदाहरण ‘सूर्य मावळला’ हे आहे. मी ‘सात वाजले’ घेते. चिठ्ठ्या करा: खेळणाऱ्या मुलाची आई, दुकान आवरणारा वाणी, एसटीची वाट बघणारी बाई, पाहुण्यांना कंटाळलेले आजोबा. चिठ्ठी उचलायची आणि फक्त ‘सात वाजले’ म्हणायचं, एक शब्द जास्त नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. सात वाजलेत हे खरंच आहे, शिवाय आणखी काहीतरी आहे. ओळखायची माझी खूण अशी, की बोलणारा नामानिराळा राहू शकतो का? आजोबा म्हणू शकतात, ‘‘मी कुठे जा म्हटलं? मी वेळ सांगितली.’’

टोमण्यांवर वाद होतात. पसारा बघून आई म्हणते, ‘‘किती छान आवरलंय!’’ इथे मूळ अर्थ अडतोही आणि आईचा राग सूचितही होतो. कारण पटणारं दिलं तर लक्षणा आणि व्यंजना, दोन्ही उत्तरांना मी मार्क देते.

एक चूक मी बरीच वर्षं केली. शब्दशः अर्थ घेणाऱ्या मुलाला मी आगाऊ समजायची. ‘काय दिवे लावलेस ते दाखव’ म्हटल्यावर एक मुलगा खरोखर भिंतीवरच्या बटणांकडे गेला आणि मी त्याला बाहेर उभं केलं. त्याच्या घरी मराठी नव्हती. स्वमग्न मुलांपैकीही बऱ्याच जणांना आडवळणाचं बोलणं पकडायला जड जातं. अशा मुलांना कोड्यात ठेवू नका, अर्थ सरळ सांगा, ‘असं म्हणतात, त्याचा अर्थ असा’, आणि वर्गाचं हसू त्यांच्या वाट्याला येऊ देऊ नका. आणि फार लहानांना हे सगळं नकोच. तिसरीच्या आतल्यांना म्हणींची गंमत पुरे.

गृहपाठ एकच, ऐकलेल्या वाक्यांची वही. रोज एक वाक्य. चार रकाने: वाक्य, कोण कुणाला म्हणालं, तेव्हा काय चाललं होतं, खरा अर्थ. पुस्तकातलं वाक्य चालणार नाही, कानावर पडलेलंच हवं. सातवीतल्या एकीच्या वहीत होतं, ‘तुझ्या आईला काय बाई, सवडच सवड.’ कोण कुणाला: आजी मला. काय चाललं होतं: आई ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. चौथा रकाना कोरा. मी विचारलं, कळला नाही का गं अर्थ?

‘‘कळला बाई. पण वही आई बघते.’’