मशीन धुतंय ना, मग जाऊ दे! सेल सेव्हर वापरताना या चुका टाळा

खुब्याचा सांधा बदलताना सांडलेलं रक्त गोळा करायचं, धुवायचं आणि त्याच रुग्णाला परत द्यायचं, हे सेल सेव्हर या मशीनचं काम. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नव्याने आलेल्या प्रत्येकाला हे कपडे धुण्याच्या मशीनइतकं सोपं वाटतं. त्यामुळे तेच तेच घोळ मी वर्षानुवर्षं निस्तरतोय. आज एकदाचं लिहूनच टाकतो.

क्लॅम्प बंद, रक्ताची जेली

सक्शनच्या नळीत दोन मार्ग असतात. एकातून हेपारिनचं (रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचं) सलाईन टोकापर्यंत जातं, दुसऱ्यातून ते रक्तात मिसळून रिझर्वायरमध्ये, म्हणजे रक्त साठवायच्या डब्यात येतं. आम्ही १ लिटर सलाईनमध्ये ३०,००० युनिट हेपारिन घालतो. रक्ताचा पहिला थेंब ओढण्याआधी त्यातलं १०० ते २०० मिली रिझर्वायरमध्ये उतरून आतला फिल्टर भिजलेला हवा. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरीही.

एक रिव्हिजनची, म्हणजे आधी बसवलेला सांधा पुन्हा बदलायची केस होती. जुना स्टेम (सांध्याचा मांडीच्या हाडात बसवलेला दांडा) निघता निघत नव्हता आणि रक्त भराभरा येत होतं. सर्जन ओरडले, "सक्शन कुठाय?" आमच्या नव्या मुलाने घाईघाईत नळी जोडून दिली. मी शेजारच्या ओटीतून आलो तेव्हा रिझर्वायरमध्ये ८०० मिलीच्या आसपास रक्त होतं. बघून बरं वाटलं. हलवून पाहिलं तर हलेचना! हेपारिनच्या नळीचा क्लॅम्प (चिमटा) पहिल्यापासून बंद. सगळं फेकलं, आणि त्या रुग्णाला रक्तपेढीच्या दोन पिशव्या चढवाव्या लागल्या. पोरगा म्हणतो, "सर, हेपारिन लावलं होतं." अरे, लावलं होतंस, सोडलं नव्हतंस.

१८८५ मध्ये जॉन डंकन या सर्जनने रेल्वे अपघातात पाय चिरडलेल्या माणसाचं रक्त त्यालाच परत दिलं. तेव्हा मशीन नव्हतं, पण रक्त गोठू नये म्हणून त्यात सोडियम फॉस्फेट घालायला ते विसरले नव्हते.

माझी सवय सांगतो. सुरुवातीला सेकंदाला साधारण एक थेंब, रक्त जोरात येत असेल तर वेग वाढवायचा. १०० मिली रक्तामागे १५ मिलीच्या आसपास सलाईन गेलं पाहिजे. हेपारिनच्या बाटलीवर मी मार्करने रेघ मारतो. पंधरा मिनिटांनी पातळी रेघेवरच असेल तर आधी क्लॅम्प बघायचा, मग बाकी सगळं.

"मशीन धुतंय ना"

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. मशीन बरंच काही धुतं, सगळं नाही. म्हणून टेबलावर साधं सक्शन वेगळं लागतं. सांधा हाडात बसवायचं सिमेंट कालवायला घेतलं की सेल सेव्हरची नळी बाजूला, ते घट्ट होऊन जखम धुऊन झाल्यावरच परत. बेटाडिन, हायड्रोजन पेरॉक्साइड, थ्रॉम्बिनवाली रक्त थांबवणारी औषधं, सगळं साध्या सक्शनमध्ये. सर्वांत फसवं काय, तर डिस्टिल्ड वॉटर. पाणीच तर आहे, असं वाटतं; पण त्यात तांबड्या पेशी फुगून फुटतात. धुण्यासाठी फक्त ०.९ टक्के सलाईन. मी स्क्रब सिस्टरना केस सुरू होण्याआधीच सांगून ठेवतो, "काहीही ओतण्याआधी मोठ्याने सांगा."

सांध्यात पू किंवा संसर्गाची शंका असेल तर मशीन लावायचं की नाही हे सर्जन आणि भूलतज्ज्ञांना विचारा. धुण्याने सगळे जंतू जात नाहीत.

अर्धा बाउल

केस संपत आली, बाउल (मशीनमधलं रक्त फिरवून धुवायचं भांडं) अर्धाच भरलाय, घरी जायची घाई. मग मशीनला जबरदस्तीने पुढच्या पायरीवर ढकलतात. अर्ध्या बाउलमध्ये पेशींचा थर नीट बसत नाही. रक्त पातळ निघतं आणि घाणही जास्त उरते. मी मॉप (रक्त टिपायची कापडं) सलाईनमध्ये भिजवून त्यातलं रक्त ओढून घेतो (मॉप करकचून पिळायचे नाहीत, पेशी फुटतात) आणि बाउल भरतो का बघतो. नाहीच भरला तर सरळ टाकून देतो. २२५ मिलीच्या बाउलला हाडाच्या केसमध्ये निदान १ लिटर सलाईन लागतंच, आणि बाहेर पडणारं पाणी लालसर असेल तर आणखी. 'फास्ट वॉश'चं बटण इथे विसरा.

बाकीच्या चुका थोडक्यात:

सक्शनचा दाब १५० मिमी पाऱ्याच्या वर नेऊ नका. टोक रक्तात बुडवा, वरवर फेस ओढू नका.

रिझर्वायर तळापर्यंत रिकामं करू नका. वर चरबी तरंगत असते, ती शेवटी खाली येते.

पहिल्यांदाच सांधा बदलत असतील तर बहुतेकदा ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (रक्तस्राव कमी करणारं औषध) पुरतं. अगदीच वाटलं तर नुसतं रिझर्वायर लावून ठेवा, पुरेसं रक्त जमलं तरच धुण्याचा महागडा सेट फोडा.

धुतलेल्या रक्तात प्लेटलेट आणि गोठवणारे घटक जवळपास नसतात. बरंच रक्त परत गेलं असेल तर भूलतज्ज्ञांना आकडा सांगा.

परत द्यायच्या पिशवीवर प्रेशर बॅग (पिशवी दाबून रक्त जोरात सोडणारी) कधीही नाही. आत हवा असते, ती थेट शिरेत जाऊ शकते.

पिशवी रुग्णाजवळच राहते, रक्तपेढीच्या फ्रीजमध्ये जात नाही. लेबलवर नाव, नोंदणी क्रमांक आणि धुणं संपल्याची वेळ लिहा. रक्त परत द्यायची चार तासांची मुदत तिथून मोजायची, पिशवी स्टँडला लावल्यापासून नाही.