मुलाची बुद्धिमापन चाचणी: खोलीत काय होतं, आकडा कुठून येतो

गोव्यात फोंड्याला माझ्याकडे बुद्धिमापन चाचणीसाठी मुलाला घेऊन येणारे आईबाबा आधी फोनवर विचारतात, "बाई, तयारी काय करून घेऊ?" तयारी करून घ्यायची नाही. सरावाची पुस्तकं आणून घोकून घेतलं, तर आकडा, म्हणजे बुद्ध्यांक, फुगतो आणि मुलाला खरी मदत कुठे हवी ते झाकलं जातं. रात्रीची पुरेशी झोप, सकाळी पोटभर खाणं, चष्मा किंवा कानाचं यंत्र असेल तर ते, आणि जन्मदाखला, एवढंच आणा. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, गडबडीत किंवा जत्रेत रात्र जागवल्यावर येऊ नका. फोन करून दिवस बदलून घ्या. मुलाला "परीक्षा आहे" म्हणू नका. "एक बाई तुला कोडी घालणार आहे, काही सोपी, काही कठीण, सगळी कुणालाच येत नाहीत," असं सांगा. हे खरंही आहे.

जन्मदाखला मी आवर्जून मागते, कारण सगळं गणित वयावर उभं आहे. चाचणी १२ जून २०२५ ला आणि जन्म २५ नोव्हेंबर २०१७ चा असेल, तर महिना ३० दिवसांचा धरून वय ७ वर्षं ६ महिने १७ दिवस. "आठवं चालू आहे" म्हणून आठ धरलं की मुलाची तुलना मोठ्या मुलांशी होते आणि गुण उगाच घसरतात. वेक्स्लर या मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीत तर चार-चार महिन्यांच्या वयोगटांचे वेगळे तक्ते असतात. अहवाल हातात आला की पहिल्या पानावरचं वय स्वतः मोजून पाहा.

चाचणीच्या वेळी तुम्ही बाहेर बसता. आई समोर असली की मूल उत्तर देण्याआधी तिचा चेहरा बघतं. आत टेबलावर मी, मूल, सूचनांचं पुस्तक आणि स्टॉपवॉच. प्रश्न छापलेल्या शब्दांतच विचारायचा असतो. आकडे म्हणून दाखवायचे ते सेकंदाला एक, एकाच सुरात. दोन-दोन जोडून म्हटले तर लक्षात ठेवणं सोपं होतं आणि तो गुण खरा राहत नाही. लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची नक्षी जुळवताना मी वेळ तर लिहितेच, शिवाय मूल कसं जुळवतं तेही टिपते. एखादी मुलगी आधी चित्राकडे टक लावून बघते, मग चार ठोकळे एका दमात बसवते. दुसरी एकेक ठोकळा फिरवत राहते, जमलेलं मोडते, परत लावते. दोघींचे गुण सारखे आले तरी शिकवण्याची वाट वेगळी.

उत्तर बरोबर की चूक, हे मी सांगत नाही. "छान प्रयत्न करतेस" एवढंच म्हणते. प्रश्न सोप्याकडून कठीणाकडे जातात आणि ठरावीक संख्येने सलग चुका झाल्या की तो भाग थांबतो. म्हणजे प्रत्येक भागाचा शेवट बहुधा न येणाऱ्या प्रश्नांवरच होतो. म्हणून हुशार मूलही बाहेर येऊन "मला काहीच आलं नाही" म्हणतं. घाबरू नका, आणि काय विचारलं ते खोदून विचारू नका.

आता भाषेबद्दल, कारण गोव्यात घोळ होतो तो इथेच. घरी कोंकणी, शाळेत मराठी, पाचवीपासून इंग्रजी. विळीचं चित्र दाखवलं तर आपलं भुरगं, म्हणजे मूल, "आदोळी" म्हणेल. उत्तर बरोबरच आहे, पण तपासणाऱ्याला तो शब्द ठाऊक हवा ना! पेडण्याकडचा तिसरीतला एक मुलगा ७८ बुद्ध्यांकाचा अहवाल घेऊन माझ्याकडे आला होता. चाचणी इंग्रजीतून झाली होती. ठोकळ्यांत १०, शब्दार्थांत ३. वेक्स्लरच्या उपचाचण्यांत, म्हणजे चाचणीच्या वेगवेगळ्या भागांत, १० म्हणजे त्या वयाची सरासरी, म्हणजे ठोकळ्यांत तो वयाच्या बरोबरीने होता. मी मराठीतून बिने-कामत चाचणी घेतली, शिवाय रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी, जिच्यात बोलावं लागतच नाही. दोन्हींत तो वयाला साजेसा निघाला. अडचण वाचनात होती, तिची तपासणी वेगळी असते. तोवर त्याचं एक वर्ष "मंद आहे" ऐकण्यात गेलं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून वेळ ठरवतानाच विचारा: कोणती चाचणी, कोणत्या भाषेत?

कामतांनी बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी धारवाडला बसवली. तिच्यात मानसिक वय, म्हणजे मुलाला कोणत्या वयाच्या मुलांइतकं जमतं ते, काढतात, त्याला खऱ्या वयाने भागून १०० ने गुणतात. खरं वय ९६ महिने, मानसिक वय ८४ महिने, तर बुद्ध्यांक ८८. मॅलिनची १९६९ ची नागपूरची चाचणीही आपल्याकडे चालते. दोन्ही जुन्या. जुन्या तक्त्यांवर आजच्या मुलांचे आकडे थोडे चढे येतात, हे ध्यानात असू द्या.

वेक्स्लरच्या पद्धतीत भागाकार नाही. मिळालेल्या गुणांवरून तक्त्यात बघतात की त्या वयाच्या मुलांत हे मूल कुठे उभं आहे. मध्य १००, आणि साधारण दोनतृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये. शततमक म्हणजे टक्के नव्हेत: ८५ बुद्ध्यांकाचा शततमक १६, म्हणजे शंभरातली सुमारे १६ मुलं त्याच्या खाली. आकड्याशेजारी पल्ला, म्हणजे खरा आकडा बहुधा कुठून कुठपर्यंत असेल ते, छापलेला असतो, ९२ असेल तर साधारण ८७ ते ९८. तो पल्लाच वाचा. उपचाचण्यांत मोठी तफावत असेल, तर एकूण आकड्याला फारसा अर्थ उरत नाही.

७० च्या खाली आकडा आला म्हणून तेवढ्यावर बौद्धिक अक्षमता ठरत नाही. मूल स्वतः आंघोळ करतं का, दुकानातून पाव आणून उरलेले पैसे बरोबर परत देतं का, हेही पाहावं लागतं. त्यासाठी आईला वेगळे प्रश्न विचारतात. तिथे मोकळेपणाने, न लपवता बोला.

तीच चाचणी लगेच परत घेऊ नका. सरावाने गुण वाढतात, निदान वर्षभर तरी जाऊ द्या. दुसरीकडे जाताना जुना अहवाल लपवू नका, पहिल्या भेटीतच दाखवा.